उघडता येईल असा दिवा



गेल्या दोन नाताळांत मंडळीतल्या बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारला. पाड्यावरच्या माणसांना भेट म्हणून आम्ही स्वतःच्या हातांनी काही करून देऊ शकतो का? त्यातल्या काहींनी माझ्या टेबलावरचा लाकडी दिवा पाहिला होता. तो कसा करायचा, हे त्यांना हवे होते. म्हणून या अंकात त्या दिव्याची कृती सविस्तर लिहितो आहे. घरात करवत, ड्रिल आणि थोडी चिकाटी असेल तर दोन सुट्ट्यांत हा दिवा पुरा होतो. पण आधी माझा पहिला दिवा कसा फसला ते सांगणे भाग आहे. पुढची सगळी कृती त्या चुकीतूनच आली आहे.

मोखाडा तालुक्यातल्या एका वारली पाड्यात एक आजी राहतात. पावसाळ्यात गाडी खाली रस्त्यावर ठेवून वर चालत जावे लागते, आणि ओढ्याला पाणी आले की त्या दिवशी परतता येत नाही. अशा कितीतरी रात्री मी आजींच्या कुडाच्या घरात काढल्या आहेत. नागलीची भाकर, उडदाची आमटी आणि चुलीशेजारची कोरडी जागा त्यांनी मला नेहमी दिली. निघताना पिशवीत शेरभर नागलीही टाकायच्या. कागदावर मी तिथे देणारा म्हणून जातो. त्या घरात मात्र घेणारा मीच होतो.

पाड्यात विजेचे खांब आहेत. पण पावसात एकदा वीज गेली की चार-चार दिवस येत नाही. मग रॉकेल असेल तर चिमणी, नाही तर चुलीचा उजेड. त्याच उजेडात आजींचा नातू वही धरून बसायचा. त्यांना काहीतरी द्यावे असे मला फार दिवस वाटत होते, म्हणून मी दिवा केला. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून एक सेल काढला, त्याला थेट डाग देऊन तारा जोडल्या, वर एक मोठा एलईडी बसवला. खोक्याचा तळ फेव्हिकॉल लावून आणि चुका मारून पक्का बंद केला. दिवा दिसायला सुबक झाला होता.

ऑगस्टमध्ये दिला. सप्टेंबरअखेर गेलो तर घरात चिमणी पेटलेली होती आणि दिवा फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेला. आजींनी विषय काढला नाही. नातवाने सांगितले की दिवा तिसऱ्याच आठवड्यात बंद पडला. तो कोयत्याच्या टोकाने तळ उघडायला गेला होता, पण आजींनी मोडेल म्हणून हात धरला. मग आजी हळूच म्हणाल्या, "माझ्याच हातून काही झालं असेल, दादा. तू एवढा हातानं केलेला. म्हणून सांगितलं नाही."

त्यांच्या हातून काहीच झाले नव्हते. घरी आणून तळ फोडला तेव्हा सेलवर मीटर जेमतेम एक व्होल्ट दाखवत होता. उजेड मंद होत गेला तरी दिवा चालूच राहिला आणि सेल पार रिकामा झाला. लिथियमचा सेल असा तळापर्यंत उपसायचा नसतो. साधारण अडीच व्होल्टच्या फार खाली गेला की आतला तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागू शकतो. असा सेल पुन्हा चार्ज करणे धोक्याचे असते. त्याला वेळेवर थांबवणारे संरक्षक सर्किट मी घातलेच नव्हते. वर तळ चिकटवून टाकल्यामुळे त्या घरातल्या कुणालाही तो उघडून बघता आला नाही. माझ्या चुकीचा दोष एका म्हातारीने महिनाभर स्वतःकडे घेतला, ही गोष्ट मला फार लागली.

दहा कुमारींच्या दाखल्यावर मी अनेकदा बोललो आहे. दिवे दहाही जणींकडे होते, जादा तेल पाच जणींनीच घेतले होते. तो दाखला जागृत राहण्याविषयी आहे हे खरे, पण त्या रात्री मला त्यातले तेलाचे भांडेच आठवत राहिले. मी दिवा दिला होता. तो पुढे पेटता ठेवायला लागणारे काहीच दिले नव्हते.

म्हणून दुसऱ्या दिव्याच्या वेळी एक नियम ठरवला. दिवा ज्याच्या घरी जाईल त्याला तो एका स्क्रूड्रायव्हरने उघडता आला पाहिजे, आणि आतला कुठलाही भाग डाग न देता बदलता आला पाहिजे. खालची कृती या नियमाने लिहिली आहे.

दिव्यात काय काय असते

वीज साठवणारा सेल, सेलला सांभाळणारे छोटे सर्किट आणि उजेड देणारे एलईडी, असे या दिव्याचे तीन भाग आहेत. यातल्या दोन भागांमागे नोबेल पारितोषिके आहेत. लाल एलईडी १९६२ पासून होता, पण उजळ निळा एलईडी जमायला १९९० चे दशक उजाडावे लागले. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळाच असतो. त्यावर पिवळसर फॉस्फरचा थर दिलेला असतो, आणि निळा व पिवळा मिळून डोळ्यांना पांढरा उजेड दिसतो. या निळ्या एलईडीसाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. लिथियम-आयन बॅटरीसाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे मिळाले. एवढ्या मोठ्या माणसांचे श्रम आज आपल्याला बाजारात थोडक्या रुपयांत हाती येतात.

साहित्य

- १८६५० आकाराचा नवा लिथियम-आयन सेल, सुमारे २००० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा. १८ म्हणजे व्यास १८ मिमी आणि ६५ म्हणजे लांबी ६५ मिमी.
- त्या सेलचा प्लास्टिकचा होल्डर, स्प्रिंग आणि तारांसह.
- टीपी ४०५६ चार्जिंग मॉड्यूल, संरक्षण असलेले. त्यावर बी प्लस, बी मायनस, आउट प्लस, आउट मायनस अशा चार जागा असतात. आउट लिहिलेले नसेल तर ते घेऊ नका.
- ५ मिमीचे पांढरे एलईडी १०, शक्यतो रुंद पसरणाऱ्या उजेडाचे.
- ६८ ओहमचे रोधक १०. त्यांवर निळा, राखाडी, काळा असे पट्टे असतात.
- भोकांचा पीसीबी, एक बटण, स्क्रूने तार आवळायचा छोटा कनेक्टर, लाल आणि काळी तार.
- अर्धा इंच जाडीच्या लाकडी फळीचे तुकडे, एक सव्वा इंच चौरस दांडा, आठ स्क्रू.

मुंबईकरांना हे सगळे लॅमिंग्टन रोडवर आणि पुणेकरांना तपकीर गल्लीत एका फेरीत मिळेल. लाकूड सोडून मला साधारण तीनशे रुपये पडले.

सेल घेताना सावध राहा. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता फार तर साडेतीन हजारांच्या आसपास असते. वेष्टनावर ९९०० लिहिलेले दिसले तर तो खोटा आहे असे समजा. जुन्या लॅपटॉपमधला सेल भेटवस्तूत घालू नका. त्याचे आयुष्य किती उरले आहे ते आपल्याला माहीत नसते, आणि तो बिघडला तर दुसऱ्याच्या घरात बिघडतो.

लाकूडकाम

लाकडासाठी सुताराकडे जा. सागाचे वीतभर तुकडे त्याच्याकडे पडलेले असतात. जुन्या दाराच्या चौकटीचे लाकूड तर फारच चांगले, कारण ते वाळून स्थिर झालेले असते आणि पावसात फारसे फुगत नाही.

बैठक म्हणजे पाच इंच लांब, पाच इंच रुंद आणि आतून दोन इंच उंच असे खोके. चार बाजू आणि वरची फळी फेव्हिकॉलने जोडा आणि रात्रभर दाबून ठेवा. तळाची फळी मात्र चिकटवायची नाही. तिला चार कोपऱ्यांत चार स्क्रू. हवा खेळायला तिला तीन-चार भोके पाडा आणि खाली रबराचे लहान पाय लावा.

वरच्या फळीवर मागच्या बाजूला दहा इंचांचा दांडा उभा करा. तो खालून दोन स्क्रूने आवळा. त्याच्या पाठीला करवत आणि पटाशीने उभी खाच पाडा, तार त्यातून वर जाईल. खाचेच्या खालच्या टोकाशी वरच्या फळीला भोक पाडायला विसरू नका. दांड्याच्या माथ्यावर सात इंचांची आडवी पट्टी पुढे येईल अशी दोन स्क्रूने बसवा. पट्टीच्या खालच्या अंगाला दोन्ही कडांनी पाऊण इंची पातळ पट्ट्या चिकटवा. मधल्या जागेत एलईडी बसतील, उजेड वहीवर पडेल आणि डोळ्यांत जाणार नाही. दांड्याच्या थोडे पुढे पट्टीला भोक पाडून सुतळीचा फास घाला. म्हणजे दिवा वाशाला टांगता येतो आणि हातात धरून गोठ्यातही नेता येतो.

इथे एक अडचण येते. चार्जिंगची पिन अर्धा इंच जाड लाकडातून आत पोचत नाही. म्हणून पिनेच्या आणि बटणाच्या जागी आतून पटाशीने लाकूड कोरा आणि तीनच मिमी शिल्लक ठेवा. मग भोक पाडा.

शेवटी काचकागदाने कडा गोल करा आणि जवसाच्या तेलाचे दोन हात द्या. तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि गोळा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते दोरीवर पसरून वाळवा.

विजेची जोडणी

एलईडीला रोधक का लागतो, हे मुलांना गणितातून दाखवता येते. सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट असतो. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट पुरतात. उरलेले १.२ व्होल्ट रोधकाने सोसायचे असतात. या लहान एलईडीतून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊ नये. १.२ भागिले ०.०२ म्हणजे ६० ओहम. त्याच्या वरचा सहज मिळणारा रोधक ६८ ओहमचा, म्हणून तो घेतला. दहा एलईडींना मिळून एकच रोधक लावण्याचा मोह होईल, पण तसे करू नका. प्रत्येक एलईडी किंचित वेगळा असतो, जो आधी पेटतो तो जास्त प्रवाह ओढतो आणि आधी जळतो. प्रत्येकाला त्याचा स्वतःचा रोधक द्या.

एलईडीचा लांब पाय प्लसचा. पाय कापल्यावर ओळखायचे असेल तर कडेला सपाट केलेली बाजू मायनसची. पीसीबीच्या पट्टीवर दहा जोड्या ओळीने बसवून डाग द्या. २५ वॉटची सोल्डरिंग पुरते. सगळे प्लस एका तारेला, सगळे मायनस दुसरीला, आणि या दोन तारा दांड्याच्या खाचेतून खाली बैठकीत आणा.

बैठकीत होल्डरची लाल तार बी प्लसला, काळी बी मायनसला. आउट प्लसपासून तार बटणाला, बटणापासून कनेक्टरला. आउट मायनसपासून सरळ कनेक्टरला. एलईडीच्या दोन तारा कनेक्टरच्या दुसऱ्या बाजूला स्क्रूने आवळा. या कनेक्टरमुळेच पुढे कधी एलईडीची पट्टी बदलायची झाली तर सोल्डरिंग लागत नाही. मॉड्यूल चार्जिंगच्या वेळी चांगले तापते, म्हणून ते लाकडाला चिकटवू नका. दोन खाचेच्या पट्ट्यांत कडा धरून उभे ठेवा, आणि पिन लावताना आत सरकू नये म्हणून मागे एक अडसर लावा.

सेल अगदी शेवटी घाला, आणि घालण्याआधी प्लस-मायनस दोनदा पाहा. सेल उलटा बसला तर मॉड्यूल तत्काळ जळते. आता बटण दाबूनही दिवा लागला नाही तर घाबरू नका. संरक्षक सर्किट पुष्कळदा पहिल्यांदा झोपलेले असते. मोबाइलचा चार्जर एकदा जोडला की ते जागे होते. चार्जिंग चालू असताना लाल खूण दिसते. सेल भरला की ती जाऊन निळी किंवा हिरवी येते. पहिल्या वेळी होल्डरवर मीटर लावा. ४.२ च्या आसपास थांबला तर काम चोख झाले.

पूर्ण भरायला अडीच-तीन तास लागतात. सेल मध्यावर असताना दहा एलईडी मिळून १०० मिलिअँपिअर घेतात, सुरुवातीला त्याहून जास्त. पंधरा-सोळा तास धरून चाला. उजेड हळूहळू मंद होतो, आणि मंद होणे हीच चार्ज करायची खूण. मॉड्यूलची पिन निवडताना ज्या घरात दिवा जायचा आहे तिथे कोणती चार्जिंग केबल आहे, ते आधी विचारून घ्या.

जपून वापरण्याविषयी

दिवा सारवलेल्या जमिनीवर किंवा दगडावर ठेवून चार्ज करावा. गोधडीवर, गवताजवळ किंवा सगळे झोपल्यावर चार्ज करू नये. सेलचे वेष्टन फाटले, सेल गरम राहू लागला किंवा गोडसर वास आला तर तो काढून घराबाहेर वाळूत ठेवावा. सेल चुलीत कधीही टाकू नये. खराब झालेले सेल मी परत आणतो आणि शहरात ई-कचरा घेणाऱ्यांकडे देतो. दिवा देणाऱ्याने हेही काम आपले समजावे.

तळाच्या आतल्या बाजूला

तळाच्या फळीच्या आतल्या अंगाला मी जोडणीचे चित्र काढतो आणि त्यावर वॉर्निशचा हात देतो. शेजारी मोठ्या अक्षरांत लिहितो : सेल १८६५०. दिवा लागत नसेल तर आधी चार्जर जोडून पाहा, मग कनेक्टरचे स्क्रू आवळा, मग सेल काढून स्प्रिंग पुसा. एक जादा एलईडीची पट्टी आणि दोन जादा स्क्रू पिशवीत घालून आतच ठेवतो. जादा सेल मात्र सुटा ठेवत नाही, कारण त्याची टोके धातूला टेकली तर आग लागू शकते. तो लागला की आणून देतो.

ही कल्पना माझ्या एकट्याची नाही. आयआयटी मुंबईने सोलर ऊर्जा लॅम्प प्रकल्पात शाळकरी मुलांसाठी दहा लाखांच्या घरात दिवे पोचवले, तेव्हा जोडणी आणि दुरुस्तीचे काम त्या त्या भागातल्या लोकांनाच शिकवले होते. कारण साधे आहे. दिवा कधीतरी बंद पडणारच, आणि तेव्हा देणारा जवळ नसतो.

दुसरा दिवा

दुसरा दिवा घेऊन पुढच्या जूनमध्ये गेलो. या वेळी आजींच्या हातात देण्याआधी तो जमिनीवर ठेवला आणि नातवाला तळ उघडायला लावला. त्याने सेल काढला, घातला, तार सोडली, बसवली. आजी शेजारी बसून बघत होत्या. मी त्यांना म्हणालो, "आजी, मागचा दिवा माझ्या चुकीने बंद पडला होता. तुमच्या हातून काही झालं नव्हतं." त्या काही बोलल्या नाहीत. चुलीवरचा चहा ओतून माझ्यापुढे सरकवला.

दिवाळीनंतर नातू वसतिगृहावर परत जाताना वाटेत माझ्याकडे थांबला. पिशवीत आजींनी पाठवलेली नवी नागली होती. जाता जाता म्हणाला, "दादा, दिवा मध्ये बंद पडला होता. तार सुटली होती. मी बसवली." मी विचारले, मग मला निरोप का नाही दिला? तो म्हणाला, "कशाला? झाला की."

त्याने हे अगदी सहज सांगितले. मला मात्र त्या फडक्यात गुंडाळलेल्या पहिल्या दिव्याची आठवण झाली, आणि मी मनातल्या मनात प्रभूचे आभार मानले.

तुमच्यापैकी कुणी या नाताळात दिवा करणार असेल तर लाकूड कोणतेही घ्या, आकार आवडेल तसा द्या, वर नक्षी करा किंवा करू नका. तळाला मात्र स्क्रूच लावा. आणि ज्याला द्याल त्याच्यासमोर बसून तो एकदा उघडून दाखवा.